बेट बुडालं तरी दर्या त्यांचाच

वेसाव्याच्या बंदरावर जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका तांडेलकाकांनी मला काही वर्षांपूर्वी एक प्रश्न विचारला होता. मुंबई हायच्या तेलविहिरींजवळ मासळी दाट असते, हे इथल्या प्रत्येक खलाशाला ठाऊक आहे. पाण्यातल्या लोखंडी खांबांवर शेवाळ धरतं, कालवं चिकटतात, त्यांच्यामागे लहान मासा येतो आणि लहानामागे मोठा. रात्री तिथल्या ज्वाळेचा उजेड लांबून दिसतो, त्या रोखाने बोट हाकायची. पण खांबांपासून ५०० मीटरच्या आत शिरलं की गस्तीची बोट हुसकावून लावते. काका हातातलं काम न थांबवता म्हणाले, "आमचे बापाचे टायमाला तिथं नुसता पाणी होता, बाय. इथून रातभरची वाट. येवढ्या लांबचा दर्या सरकारचा झाला कधी?"

त्या वेळी मला उत्तर देता आलं नाही. ते शोधत गेले आणि पोचले पार प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत. त्या शोधात माझं एक मत पक्कं झालं आहे. समुद्राची पातळी वाढून एखादं बेटराष्ट्र आक्रसलं, अगदी पाण्याखाली गेलं, तरी त्याच्या भोवतीच्या समुद्रावरचा त्याचा हक्क तसूभरही कमी होता कामा नये. आणि हे भारताने जगापुढे मोठ्या आवाजात म्हणायला हवं.

आधी काकांचं उत्तर. १९७४ च्या फेब्रुवारीत 'सागर सम्राट' या तेलखोदाईच्या फिरत्या मंचाने मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर तेल शोधून काढलं. २१ मे १९७६ ला उत्पादन सुरू झालं. त्याच वर्षी राज्यघटनेत ४० वी दुरुस्ती होऊन अनुच्छेद २९७ नव्याने लिहिला गेला आणि संसदेने सागरी क्षेत्रांचा कायदा केला. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे २२ किलोमीटर, हा प्रादेशिक समुद्र. इथे देशाची सत्ता जमिनीवर चालते तशीच चालते, परक्या जहाजाने फक्त कुणाला उपद्रव न देता वाटेने जावं. त्यापुढे २०० मैलांपर्यंत, म्हणजे ३७० किलोमीटरपर्यंत, अनन्य आर्थिक क्षेत्र. इथला मासा, तळाखालचं तेल, वाऱ्या-लाटांपासूनची वीज किनाऱ्याच्या देशाची. जहाजांची ये-जा मात्र सगळ्यांना मोकळी. काकांचं जाळं आणि देशाचं तेल, दोन्ही त्या दुसऱ्या पट्ट्यात येतात.

हा फरक कागदावरचा वाटतो, पण त्यात माणसं भरडली जातात. १५ फेब्रुवारी २०१२ ला 'एन्रिका लेक्सी' या इटालियन तेलवाहू जहाजावरच्या नौसैनिकांच्या गोळ्यांनी केरळच्या किनाऱ्यापुढे दोन भारतीय मच्छीमार ठार झाले. जागा किनाऱ्यापासून साडेवीस मैलांवर. हेच १२ मैलांच्या आत घडलं असतं तर खटला कोणी चालवायचा हा वाद इतका चिघळला नसता. वरच्या त्या साडेआठ मैलांनी आठ वर्षं खाल्ली. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने भारताला भरपाई देऊ केली, पण नौसैनिकांवर भारतात खटला चालवता येणार नाही असंही सांगितलं. पुढे १० कोटी रुपये मिळून प्रकरण मिटलं. सत्ता कुठे संपते आणि नुसता हक्क कुठे सुरू होतो, ते त्या दोन घरांना कळलं.

मुंबईच्या माणसाला समुद्राच्या मालकीचा वाद नवा नाही. 'ज्याजवळ आरमार त्याचा समुद्र' हे आज्ञापत्रातलं रामचंद्रपंत अमात्यांचं वाक्य आपण अभिमानाने उच्चारतो. ते त्या काळाचं खरंखुरं वर्णन होतं. पोर्तुगीज आपला परवाना, कार्ताझ, नसलेल्या जहाजाला लुटत. पुढे कोकणच्या पाण्यात कान्होजी आंग्र्यांचं दस्तक चालू लागलं. मुंबईच्या इंग्रजांनी त्यांना चाचे म्हटलं. कान्होजी तर आपल्या किनाऱ्यापुढच्या पाण्यावर आपलं राज्य आहे एवढंच सांगत होते. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तटबंदी उभारायला घेतली तेव्हा मुंबईकर इंग्रज एवढे बिथरले, ते याच कारणाने. मुंबईच्या तोंडावरचं ते चिमुकलं बेट ज्याच्या हाती, त्याची नजर साऱ्या बंदरावर.

युरोपात त्याच शतकात उलटा सूर निघाला होता. १६०९ मध्ये डच पंडित ह्यूगो ग्रोशियस यांनी मांडलं की समुद्र कोणाच्याच मालकीचा नाही, तो सगळ्यांना मोकळा. ऐकायला उदार. पण मोकळा समुद्र ज्याच्याकडे जहाजं त्यालाच उपयोगी. किनाऱ्यावरून तोफेचा गोळा पोचेल तेवढा, साधारण तीन मैलांचा पट्टा किनाऱ्याच्या देशाला द्यायचा आणि बाकीचं पाणी बलवानांनी वापरायचं, अशी ही व्यवस्था विसाव्या शतकापर्यंत टिकली. आरमाराच्या जोरावर घेतलेला समुद्र आणि मोकळा ठेवलेला समुद्र, दोन्हींचा लाभ त्याच त्या चार-पाच दर्यावर्दी सत्तांना होत होता.

ही मांडणी मोडली ती बेटांवरच्या लोकांनी, आणि त्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती इंडोनेशियाची गोष्ट. १७,००० हून जास्त बेटांचा हा देश. स्वतंत्र झाला तेव्हा डचांच्या १९३९ च्या हुकुमाप्रमाणे प्रत्येक बेटाभोवती तीन मैलांचं एकेक कडं होतं. नकाशा डोळ्यांपुढे आणा. जावा आणि बोर्निओ यांच्या मधला समुद्र परका! एका प्रांतातून दुसऱ्यात जाताना देशाबाहेर पडायचं. त्यात पश्चिम न्यू गिनीवरून नेदरलँड्सशी वाद पेटलेला, आणि डच युद्धनौकांना बेटांच्या मधून बिनदिक्कत हिंडता येत होतं.

१३ डिसेंबर १९५७ ला पंतप्रधान जुआंदा यांच्या सरकारने जाहीर केलं की बेटं आणि त्यांच्या मधलं पाणी मिळून एकच देश आहे. सर्वांत बाहेरच्या बेटांची टोकं रेषेने जोडायची आणि आतलं सगळं आपलं. इंडोनेशियन भाषेत मायदेशाला 'तनाह आयर' म्हणतात. तनाह म्हणजे माती, आयर म्हणजे पाणी. ज्या भाषेत मायदेशाच्या नावातच पाणी आहे, त्या लोकांनी मधला समुद्र परका मानावा ही अपेक्षाच चमत्कारिक होती. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, सगळ्यांनी निषेध नोंदवला. इंडोनेशियाकडे तेव्हा त्यांना अडवण्याजोगं आरमार नव्हतं. होते ते मोख्तार कुसुमाआत्मजा आणि हाशिम जलाल यांच्यासारखे कायद्याचे जाणकार, आणि चिकाटी. पंचवीस वर्षं ते परिषदांमधून हेच सांगत राहिले. १० डिसेंबर १९८२ ला जमैकातल्या माँटेगो बे इथे संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या करारावर सह्या झाल्या, तेव्हा त्यात द्वीपसमूह-राष्ट्रांसाठी स्वतंत्र भाग होता. आतलं पाणी जमिनीच्या नऊपटीहून जास्त नको, बहुतेक रेषा १०० मैलांहून लांब नकोत, जहाजांना वाट द्यायची, शेजाऱ्यांचे परंपरागत मासेमारीचे हक्क पाळायचे. फिलिपिन्स आणि फिजीही या लढ्यात होते. त्याच दिवशी कराराला मान्यता देणारा पहिला देश फिजी ठरला.

आइसलँडने दुसरी वाट धरली. आपल्या पाण्यातला कॉड मासा ब्रिटिश ट्रॉलर उपसून नेतात म्हणून त्यांनी १९५८ मध्ये १२ मैल, १९७२ मध्ये ५० आणि १९७५ मध्ये २०० मैलांची हद्द जाहीर केली. ब्रिटनने युद्धनौका पाठवल्या. आइसलँडच्या तटरक्षक बोटींनी पाण्याखालून ओढायची एक कात्री बनवली आणि ट्रॉलरच्या जाळ्यांचे दोर कापले. १९७६ मध्ये ब्रिटनला माघार घ्यावी लागली. नवी मुंबईच्या एखाद्या भागात मावेल एवढ्या लोकसंख्येचा तो देश होता.

अशा प्रयत्नांमधून जे मिळालं त्याचं माप आपल्या ओळखीच्या फूटपट्टीने घेऊ. प्रशांत महासागरातल्या किरिबाती या देशाची जमीन ८११ चौरस किलोमीटर, मुंबई शहर आणि उपनगर मिळून होते त्याहून सुमारे तिसऱ्या हिश्श्याने जास्त. त्याच्या आर्थिक क्षेत्राचा समुद्र सुमारे ३५ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अख्ख्या भारताच्या जमिनीहून मोठा. तिथल्याच तुवालू या देशाची जमीन २६ चौरस किलोमीटर. आपल्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचा चौथा हिस्सा. माणसं अकरा हजारांच्या आसपास, म्हणजे संध्याकाळच्या दोन-तीन भरलेल्या विरार लोकल. समुद्र मात्र महाराष्ट्राच्या दुपटीहून जास्त. तिथे शेती नावापुरती, कारखाने नाहीत. आहे तो टूना मासा. पूर्वी परदेशी बोटी किरकोळ रक्कम टेकवून तो नेत. मग नौरू कराराने बांधलेले आठ देश एकत्र आले आणि एकेकट्याने घासाघीस करण्याऐवजी आपल्या पाण्यात मासेमारीचे दिवस मोजून विकू लागले. एका देशाने भाव पाडला तर दुसऱ्याचं नुकसान, म्हणून सगळ्यांनी मिळून किमान भाव ठरवला. किरिबातीच्या सरकारी तिजोरीतला निम्म्याहून अधिक पैसा या परवान्यांचा आहे. तिथल्या शाळा आणि दवाखाने या माशावर चालतात.

आता मूळ दुखण्याकडे येते. करारानुसार हे सगळे पट्टे मोजायचे ते किनाऱ्यावरच्या ओहोटीच्या रेषेपासून. आणि ज्या खडकावर माणूस वस्ती करून राहू शकत नाही, त्याला २०० मैलांचं क्षेत्र मिळत नाही. १९८२ मध्ये हे लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे किनारा स्थिर होता. आज तुवालूच्या विहिरींत खारं पाणी शिरतं. ओहोटीची रेषा मागे सरकली तर पट्टाही मागे सरकणार? बेट राहण्याजोगं उरलं नाही तर त्याचा 'खडक' होणार आणि भोवतीचा समुद्र परक्या बोटींना खुला होणार? ज्यांनी धूर ओकला नाही, त्यांची आधी जमीन जाणार आणि त्या बदल्यात मासाही जाणार. याला कायदा म्हणायचं असेल तर न्याय कशाला म्हणायचं?

प्रशांत महासागरातल्या देशांनी वाट पाहिली नाही. ६ ऑगस्ट २०२१ ला त्यांनी मिळून जाहीर केलं की आमच्या रेषा एकदा रीतसर नोंदवल्या की समुद्र वाढला म्हणून त्या बदलणार नाहीत. तुवालूने २०२३ मध्ये आपल्या घटनेतच लिहून टाकलं की देशाचं राष्ट्रत्व कायमचं आहे, जमिनीचं काहीही होवो. वानुआतूत दक्षिण प्रशांत विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या काही विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये सुरू केलेली खटपट थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत पोचली. २३ जुलै २०२५ च्या सल्लामतात न्यायालयाने सांगितलं की पातळी वाढली म्हणून नोंदवलेल्या रेषा बदलण्याचं बंधन देशांवर नाही, आणि राष्ट्राचा एखादा घटक नाहीसा झाला म्हणून राष्ट्र संपतंच असं नाही.

मोठा विजय आहे. पण सल्लामत हे सल्लामत, बंधनकारक निकाल नव्हे. आंतरराष्ट्रीय कायदा देश काय बोलतात, काय करतात आणि कशावर गप्प राहतात त्यातून घट्ट होत जातो. म्हणून भारताच्या आवाजाला किंमत आहे.

'जमीन असेल तर समुद्र' हे तत्त्व न्यायालयांनीच घालून दिलं आहे, मग जमीन गेल्यावर समुद्र कसा राहील, असं विचारणाऱ्यांना मी आपल्याच घरातलं उदाहरण देते. १९७० च्या चक्रीवादळानंतर बंगालच्या उपसागरात एक बेट वर आलं. आपण त्याला न्यू मूर म्हटलं, बांगलादेशाने दक्षिण तालपट्टी. त्यावरून दोन देश तीस-चाळीस वर्षं भांडले आणि २०१० पर्यंत ते बेट पाण्याखाली गेलं. ७ जुलै २०१४ ला लवादाने दोन्ही देशांची सागरी सीमा आखून दिली. हवामान बदलून किनारे पुढे बदलतील, त्याचा विचार करा, असं बांगलादेशाने म्हटलं होतं. लवादाने ते मानलं नाही. हवामान बदलाच्या शक्यतेने ठरलेल्या सीमा धोक्यात येऊ देता येणार नाहीत, असं त्याचं म्हणणं पडलं. आपण तो निवाडा स्वीकारला. दोन देशांमधली सीमा जर समुद्र वाढला तरी हलत नसेल, तर एकट्या तुवालूची रेषा का हलावी?

रेषा हलती ठेवण्याचा धोका सर्वांत आधी कोणाला बाधतो, हे पालघर जिल्ह्यात विचारा. तलासरी-डहाणूकडचे गरीब खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात. कच्छजवळच्या सर क्रीक या खाडीपाशी भारत-पाकिस्तानची सागरी रेषा ठरलेलीच नाही. समुद्रात बांधाचा दगड नसतो. बोट पकडली जाते आणि घरचा कर्ता माणूस कराचीच्या तुरुंगात वर्षानुवर्षं पडून राहतो. प्रत्येक भरतीबरोबर सरकणाऱ्या रेषा जगभर झाल्या तर असे खलाशी जगभर होतील.

एक आक्षेप मला मान्य आहे. रेषा गोठवल्या तर त्याचा फायदा धनदांडगेही उठवतील. जपानने ओकिनोतोरी इथे भरतीला जेमतेम डोकं वर काढणाऱ्या दोन खडकांना काँक्रीटचं कडं करून सुमारे चार लाख चौरस किलोमीटर समुद्रावर दावा सांगितला आहे. दक्षिण चीन समुद्रात चीनने प्रवाळांवर भराव टाकून धावपट्ट्या बांधल्या. पण इथे फरक करणं अवघड नाही, आणि दक्षिण चीन समुद्राबद्दलच्या १२ जुलै २०१६ च्या निवाड्यात लवादाने तो केलाही आहे: भराव टाकून, माणसं आणून बसवून खडकाचं बेट होत नाही, निसर्गतः ते काय होतं ते बघायचं. तोच न्याय उलट्या बाजूने लावा. निसर्गतः जे नांदतं बेट होतं, त्याचा दुसऱ्यांच्या धुराने खडक होत नाही.

दुसरी एक गोष्ट बेटांच्या बाजूने बोलतानाच सांगायला हवी. रेषा राखली म्हणजे मच्छीमार राखला असं होत नाही. परवाने विकून आलेला पैसा राजधानीत अडकला, परदेशी जहाजांनी तळ खरवडला, तर होडीवाल्याला सार्वभौमत्वाचं काय करायचं? मालदीवने टूनासाठी जाळी नाकारून गळाने एकेक मासा धरायची जुनी पद्धत जपली, आपल्या लक्षद्वीपमधल्या मिनिकॉयचे लोकही तसाच मासा धरतात. आपल्याकडे १२ मैलांच्या आतली मासेमारी राज्याच्या अखत्यारीत येते, त्यासाठी १९८१ चा कायदा आहे, २०२१ मध्ये तो कडक केला. २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा ठरवलं. तरीही एलईडी दिवे लावून रात्री मासा ओढणाऱ्या बोटी येतातच, आणि लहान होडीवाला तक्रार करून थकतो. ज्या पाण्यावर आपली सत्ता निर्विवाद आहे तिथली ही गत सुधारली, तर बेटांची बाजू घेताना आपल्या शब्दाला वजन येईल.

आणि हा प्रश्न आपलाही आहे. लक्षद्वीपची जमीन ३२ चौरस किलोमीटर, पण तिच्यामुळे आपल्याला मिळणारं आर्थिक क्षेत्र सुमारे चार लाख चौरस किलोमीटर. बंगारामच्या प्रवाळवलयातलं परळी-१ हे निर्जन बेट झिजून नाहीसं झालं आहे. ७ एप्रिल २०२१ ला अमेरिकन युद्धनौका लक्षद्वीपजवळ आपल्या आर्थिक क्षेत्रात न विचारता जहाज नेण्याचा हक्क बजावून गेली आणि वर तसं जाहीर केलं, तेव्हा आपण रागावलो. आपल्या रेषेचा मान राखावा असं ज्याला वाटतं, त्याने तुवालूच्या रेषेसाठी उभं राहायला हवं. आपल्या रेषांचे अक्षांश-रेखांश कायमचे मानले जावेत आणि बेटराष्ट्रांचेही तसेच मानले जावेत, हे दिल्लीने एका दमात सांगावं.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा वेसाव्याला गेले होते. काका आता बोटीवर जात नाहीत, मुलगा जातो. धक्क्याशेजारी बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत होते, आणि त्यांच्या मागे जिथे पूर्वी जाळी पसरायचे तिथे गाड्या उभ्या होत्या. वरळीच्या कोळ्यांना किनारी रस्त्याच्या दोन खांबांमधलं अंतर ६० मीटरचं १२० करून घ्यायला केवढं झगडावं लागलं, त्यावर आमचं बोलणं झालं. मग मी त्यांना १९७६ चा कायदा सांगितला. तुवालूचंही सांगितलं, की ऑस्ट्रेलियाशी करार झालाय, दर वर्षी २८० माणसं तिकडे जाऊन राहू शकतात.

"आणि त्यांची जाली? ती कुठं सुकवतील?"

मी म्हटलं, ते ठाऊक नाही काका, पण त्यांच्या समुद्राची रेषा आता कागदावर पक्की होते आहे, जमीन राहो न राहो.

मुंबईतल्या कोळीवाड्यांच्या हद्दी आखायचं काम वर्षानुवर्षं रेंगाळलं आहे. जाळी सुकवायची जागा वाड्याची की नाही, यावर फायली फिरत असतात. काकांनी एक बोंबील उचलून वाळलाय का ते बोटांनी दाबून पाहिलं, परत वलांडीवर टाकला आणि विचारलं, "मंग आमचे वाड्याची रेषा कवा लिवतील, बाय?"